रात्रभर भिजवलं की झालं, असं नसतं ओ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मोड आलेल्या ब्राऊन राईसवर अर्ध्या पानाचा लेख आला, वाचला. विषय चांगला आहे, आमच्या भागात भातच पिकतं आणि भातच खातात, त्यामुळे असं कुणी लिहिलं की बरं वाटतं. पण त्यात करायची रीत म्हणून जे दिलंय की रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यात बांधा आणि संध्याकाळपर्यंत मोड येतात, ते वाचून आमच्या शहापुरात बऱ्याच बायकांनी तांदूळ भिजत घातले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं एकच, मोड कुठं आहेत ओ? एकीच्या तांदळाला तर आंबूस घाण वास मारायला लागला, तिने शेवटी ते म्हशीच्या आंबोणात घातले. म्हणून हे पत्र. जरा लांब होणार आहे, कापायचं तर कापा पण टेंपरेचरचा भाग तेवढा ठेवा कारण सगळी गडबड तिथेच आहे.

पण त्याच्या आधी तांदूळ कुठला ते बघायला पाहिजे. आमच्याकडे घरात निदान दोन डबे असतात, एक साध्या तांदळाचा नि एक उकड्याचा. उकडा जाडा, तांबूस दिसतो म्हणून पुष्कळ लोक त्यालाच ब्राऊन राईस समजून बसलेत. उकड्याचं भात तुसासकट भिजवून वाफवलेलं असतं, वाफ लागली की आतला अंकूर तिथेच मेला, मग तुम्ही आठवडाभर भिजवलं तरी मोड यायचा नाही, नुसतं कुजेल. आता ह्याचा अर्थ उकडा वाईट असा कुणी काढू नका. वाफवताना कोंड्यातलं बी-वन व्हिटॅमिन दाण्याच्या आत मुरतं, त्यामुळे पुढे पॉलिश मारलं तरी बऱ्यापैकी टिकतं. १८९० च्या दशकात जावा बेटावर आईकमान नावाच्या डच डॉक्टरच्या लक्षात आलं होतं की पांढरा सडलेला तांदूळ खाऊन कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की परत चालायला लागतात, त्याला पुढे १९२९ साली नोबेल मिळालं. तेव्हा आमच्या सासूबाई सकाळी उकड्याची पेज नि लोणच्याची फोड घेऊन शेतात जायच्या त्यात काही कमीपणा नव्हता. फक्त त्याला मोड येत नाहीत, एवढंच.

पांढऱ्या पॉलिशच्या तांदळाचंही तसंच. दाण्याच्या एका टोकाला जो बारीक खळगा दिसतो ना, तिथे अंकूर असतो, पॉलिशमध्ये तो उडून जातो, खळगा तेवढा शिल्लक राहतो. खळगा भरलेला दिसला तर अंकूर आहे. मुलांना भिंग देऊन दाखवा, मोठी गंमत वाटते त्यांना.

आणि गिरणी. खेड्यातला जुना हलर एकाच दमात तूसपण काढतो नि कोंडापण खरवडतो. गिरणीवाल्याला तुम्ही सांगितलं की 'मामा, पॉलिश करू नका, नुसतं तूस काढून द्या', तर मामा हो म्हणतात, पट्टा जरा ढिला करतात आणि देतात. दिसायला तांदूळ तपकिरी असतो पण निम्म्या दाण्यांचा अंकूर तुटलेला, कोंडा ओरखडलेला. अशा तांदळाला दहातले तीनचार दाणे मोड आणणार, बाकीचे पाण्यात पडून खराब होणार आणि वास मारायला सुरुवात त्यांच्यापासूनच होते. रबरी रोलची गिरणी असेल तर दोन रोल वेगवेगळ्या स्पीडने फिरून तूस तेवढं सोलतात, आतला दाणा जवळजवळ अख्खा राहतो. मोड आणायचे तर हा तांदूळ पाहिजे, नाहीतर घरी उखळात हलक्या हाताने सडलेला. माझ्या माहेरी जांबोटीकडे अजून एकदोन घरांत उखळ आहे पण मुसळ उचलणारी माणसं राहिली नाहीत, ते सोडा.

तांदूळ जुना किती हेपण आहेच. भात म्हणून ठेवलं तर वर्षभर जिवंत राहतं, पण तूस काढलं की कोंड्यातलं तेल हवेला लागतं, कोंड्यातलेच एन्झाइम ते तेल फोडतात आणि काही महिन्यांत खवट वास सुटतो, आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत तर त्याहून लवकर. म्हणून जुनी माणसं कणगीत भातच ठेवायची नि लागेल तसं सडायची. आता उलट झालंय, पाच किलोचं ब्राऊन राईसचं पाकीट आणून वर्षभर फळीवर.

आता टेंपरेचर. मोड आणण्याचं सगळं शास्त्र ३० ते ४० डिग्रीच्या पाण्याभोवती फिरतं, जपानी लोकांनी ह्यावर भरपूर काम केलंय, तिथे हा तांदूळ गेली कित्येक वर्षं दुकानात मिळतो, राईस कुकरलासुद्धा त्याचं वेगळं बटन असतं. ३०-३५ डिग्रीला साधारण २० ते २४ तासांत दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका फुटतो. आता आपलं बेळगाव बघा. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर, जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन नाही, दिवसापण पारा पंचविशीच्या आसपासच घुटमळतो, डिसेंबर-जानेवारीत रात्री १४-१५ वर येतो. नळाचं पाणी हाताला झोंबतं. असल्या पाण्यात रात्रभर तांदूळ ठेवला तर तो भिजतो हो, पण जागा होत नाही. दोनतीन दिवस लागतात आणि तेवढ्या वेळात पाण्यातले जंतू आधी जागे होतात. लेख लिहिणाऱ्या मॅडम बहुतेक मुंबईच्या असतील, तिथे मे महिन्यात तांदूळ ओट्यावर ठेवला तरी जमेल, खानापुरात कणकुंबीला पाऊस कोसळत असताना नाही जमत.

मग करायचं काय, तर पाणी कोमट घ्यायचं, दुधाला विरजण लावताना जेवढं ऊन असतं तेवढं, आणि ते तसंच ठेवायचं. आमच्याकडे अजून न्हाणीत हंड्याची चूल आहे, सकाळच्या अंघोळी आटपल्या की चुलीशेजारची कट्ट्यावरची जागा संध्याकाळपर्यंत ऊबदार राहते, मी पातेलं तिथे ठेवते नि वर गोणपाट टाकते. ज्यांच्याकडे गीझर आहे त्यांनी भाकरीचा हॉटपॉट वापरावा, त्यात ऊब टिकते. फार कढत मात्र नको, ४५ च्या वर गेलं की अंकुराची वाट लागते आणि मग उकड्यासारखंच. स्वयंपाकात वापरायचा साधा थर्मामीटर मिळतो बाजारात, फार महाग नसतो, मी आणलाय, घरचे हसले पण हसू देत.

टेंपरेचरला एवढं महत्त्व का, तर मोड येणं म्हणजे दाण्याच्या आत कामगार कामाला लागणं, आणि हे एन्झाइम नावाचे कामगार ऊब नि ओल दोन्ही असल्याशिवाय हलत नाहीत. साठवणीच्या तांदळात १२-१४ टक्के पाणी असतं, ते तिशीच्या घरात गेलं की काम सुरू. एक एन्झाइम ग्लुटामिक अ‍ॅसिडपासून गाबा, म्हणजे मेंदू-मज्जातंतू शांत करणारं एक द्रव्य, बनवतो, ज्याच्यासाठी हा सगळा बोलबाला चाललाय. एक आहे फायटेज, तो कोंड्यातलं फायटिक अ‍ॅसिड फोडतो. हे फायटिक अ‍ॅसिड म्हणजे जस्त, लोह, मॅग्नेशियम धरून बसणारं, ते जेवढं फुटेल तेवढी ही खनिजं अंगी लागतात. पण तांदळात फायटेज मुळात गव्हापेक्षा कमी, त्यामुळे गार पाण्यात आठ तास ठेवून फायटिक अ‍ॅसिड 'नष्ट होतं' असं जे छापलंय ते खरं नाही, थोडं कमी होतं एवढंच म्हणता येईल. अमायलेज पिष्ट फोडून साखर करतो, म्हणून मोडाचा भात जरा गोडसर नि मऊ लागतो, कोंड्याचा चिवटपणा जातो, शिजायलाही लवकर. माझ्या मते ह्या भाताचा खरा फायदा हाच. ब्राऊन राईस म्हटलं की घरात नाक मुरडतात, चावून चावून जबडा दुखतो म्हणतात, मोड आणला की तीच माणसं आमटीबरोबर गप खातात.

पाण्याचंपण सांगते. काही जण २४ तास पाण्यातच बुडवून ठेवतात. तांदूळ पाण्याखालीसुद्धा अंकुरतो हे बरोबर, भाताची जातच तशी, चिखलपाण्यातली. पण बी-वन पाण्यात विरघळतं, तयार झालेला गाबापण थोडा पाण्यात उतरतो, आणि ते पाणी आपण ओतून टाकतो. जपान्यांनीच करून बघितलंय की तीनेक तास भिजवून मग पाणी काढून, ओलसर झाकून, ३५ डिग्रीच्या उबेत पुढचे वीसेक तास ठेवलं तर पूर्ण वेळ पाण्यात ठेवण्यापेक्षा गाबा जास्त होतो. आपण मटकीला करतो तसंच झालं की. आमच्या गार हवेत तीन तास पुरत नाहीत, चारपाच तास कोमट पाण्यात ठेवावे, मग रोळीत निथळून, ओल्या सुती फडक्यात सैल बांधून ऊबेला. मधे तीनचार वेळा फडकं सोडून कोमट पाण्याने धुवायचं, आळस करायचा नाही. पाण्यात लिंबाचा थेंब टाकला तर हा गाबावाला एन्झाइम आणखी जोरात चालतो कारण त्याला किंचित आंबटपणा मानवतो, पण थेंब म्हणजे थेंब, सरबत नको.

मोड मटकीसारखा लांब यायची वाट बघू नका. अर्धा ते एक मिलिमीटर, म्हणजे टोकाला पांढरा ठिपका उठून दिसला की बस. त्याच्या पुढे दाणा आपलंच साठवलेलं खाऊन मोड वाढवतो, वजन घटतं, भात चिकट होतो आणि तोपर्यंत वास यायला लागलेला असतो. वास आंबूस-फळासारखा आला तर धुऊन लगेच शिजवावं, बुळबुळीत झालं किंवा सडका वास आला तर टाकून द्यावं, जीव अडकवू नये. जी ऊब तांदळाला आवडते तीच जंतूंना आवडते. मोड आलेला तांदूळ कच्चा सॅलडमध्ये घाला असंही कुठेतरी वाचलं, अजिबात घालू नका. तांदळावर एका जातीचे जंतू बीजरूपात असतात जे शिजवूनसुद्धा मरत नाहीत, म्हणून शिजवलेला भातही तासन्‌तास बाहेर ठेवायचा नाही, गार झाला की फ्रीजमध्ये.

एक धोक्याची गोष्ट तर लेखात यायलाच पाहिजे होती. खानापूर भागात शेतकरी रोपासाठी बियाणं भिजवतात, मिठाच्या पाण्यात घालून वर तरंगणारं पोचट काढतात, पोत्यात दडपून मोड आणतात, तेव्हा मोड आणायची कला आमच्याकडे पूर्वापार आहे, कुणी जपानहून शिकवायला नको. पण आताचं दुकानातलं बियाणं औषध लावलेलं असतं, बरेचदा गुलाबी-लालसर रंगाचं. पेरून उरलेलं ते भात कुणी 'आयतं चांगलं बी आहे' म्हणून सडून खाल्लं तर अंगाशी येईल. खायचं भात वेगळं, पेरायचं वेगळं.

आता फायद्यांचं. लेखाची हेडिंग होती 'प्रथिनांचा खजिना'. ओ साहेब, तांदळात १०० ग्रॅमला प्रथिनं ७ ते ९ ग्रॅम, मोड आल्याने कुठून वाढणार, बाहेरून कुणी आणून घातली नाहीत. लोहाचंपण तेच, होतं तेवढंच राहतं, अंगी लागायचं प्रमाण थोडं सुधारतं. गाबा मात्र खरोखर काही पटींनी वाढतो, जात बघून कमीजास्त, ज्याचा अंकूर मोठा त्यात जास्त. पण खाल्लेला गाबा मेंदूपर्यंत कितपत पोचतो ह्यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, त्यामुळे 'टेन्शन जातं, झोप लागते' असं ठोकून देणं बरं नाही. फेरुलिक अ‍ॅसिडसारखी कोंड्यातली काही चांगली द्रव्यं मोड येताना मोकळी होतात. चोथा पांढऱ्या तांदळापेक्षा जास्त असतोच, पण तो मोडामुळे नाही, कोंड्यामुळे.

शुगरवाल्यांसाठी विशेष सांगते कारण आमच्या घरात शुगर आहे. 'मधुमेहींनी मनसोक्त खावा' हे वाक्य तुम्ही छापायला नको होतं. पांढऱ्या भातापेक्षा ह्याने रक्तातली साखर हळू चढते, ठीक आहे, पण शेवटी तो भातच, वाळल्या वजनाला १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी त्यातही आहेतच. आमचे हे लेख वाचून दोन वेळा ताट भरून घ्यायला लागले, पेपरात आलंय म्हणे. मशीनवर आकडा बघितल्यावर उतरले खाली. वाटीच्या हिशोबानेच खायचा, बरोबर मुगाची उसळ, भाजी, ताक, आणि औषध डॉक्टर सांगतील तसं.

राहिलं पाकिटांचं. हल्ली शहरात मोठ्या दुकानांतून 'स्प्राउटेड ब्राऊन राईस' मिळायला लागलाय, साध्या तांदळाच्या तिप्पट भावाने. मी एक आणलं, दुकानाचं नाव घेत नाही, फोडल्याबरोबर खवट वास. उलटसुलट करून पाकीट बघितलं तर गिरणीची तारीख नाही, किती तास भिजवला, कसा वाळवला, काही नाही, नुसतं 'हेल्दी' आणि 'नॅचरल'. इंग्रजी नि कन्नडमध्ये होतं, मराठी नव्हतं, तो वाद वेगळा आणि तो तुमच्याकडे रोजच असतो. मोड आणल्यावर तांदूळ परत १४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावा लागतो, नाहीतर बुरशी धरते, आणि पावसाळ्यात उन्हात वाळवणं शक्य नाही, म्हणजे मशीनच पाहिजे. जोरात तापवून वाळवला तर मेहनत वाया, ओला ठेवला तर बुरशी. ज्याने हे नीट केलंय त्याला पाकिटावर छापायला अडचण काय? तोपर्यंत घेणाऱ्यांनी पाकीट पारदर्शक असेल तर दाण्याच्या टोकाला फुगीर ठिपका दिसतो का ते बघावं, वास घेऊन बघता आला तर उत्तमच.

आणि एक. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारातला आपला बेळगाव बासमती, शिजला की गल्लीच्या तोंडापर्यंत वास यायचा, तो आता पिकवणारे थोडेच राहिलेत, काही शिवार बायपासने खाल्लं, काही लेआऊटने. इंद्रायणी नि इंटाण अजून भरपूर होतं. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं मुगदला भात संशोधन केंद्र आहे, आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या शास्त्रज्ञांना तुमच्या वार्ताहराने जाऊन विचारावं की आपल्या भागातल्या ह्या जातींत मोड आणल्यावर काय किती वाढतं, कुठली जात ह्याला बरी. तसा लेख छापलात तर कात्रण कापून ठेवीन.

खानापूर किंवा बेळगाव तालुक्यात रबरी रोलची लहान गिरणी चालवणारं, आणि घरगुती दोनतीन पोती भात नुसतं तूस काढून देणारं कुणी असेल, तर त्यांनी ह्याच सदरात गावाचं नाव नि भाव कळवावा. माहेरचं भात मळणी होऊन पडलंय, हलरला न्यायचं मन होत नाही.

आपली,
एक वाचक, शहापूर, बेळगाव